कार्पेटसाहेबाच्या दोन रायफली

जिम कॉर्बेट मी आजवर तीन वेळा वाचला, आणि तिन्ही वेळा कारण निराळे होते. पहिल्यांदा शाळेत असताना वाचला तो वाघासाठी. रात्री कंदील बारीक करून वाचायचा आणि मग अंगणापलीकडे लघवीला जायचे धाडस होत नसे. दुसऱ्यांदा वाचला तो नोकरीला लागल्यावर, माणसांसाठी. 'माय इंडिया'तला चामारी, लालाजी, सुलताना डाकू ही माणसे वाघापेक्षाही मोठी वाटण्याचे ते वय होते. तिसऱ्यांदा वाचला तो साठी उलटल्यावर, आणि कारण सांगायला जरा संकोचच वाटतो. या वेळी मी कॉर्बेट वाचला तो त्याच्या बंदुकांसाठी.

झाले असे, की एका वर्षी कुमाऊँत फिरायला गेलो होतो. मोटाररस्ता सोडून वरच्या एका वाडीपर्यंत पायवाटेने चढायचे होते. अंतर फार नव्हते. खांद्याला एक शबनम, तीत पाण्याची बाटली, स्वेटर आणि थोडे चणे-गूळ. निम्म्या वाटेवरच मला धाप लागली, आणि ती शबनम मी सोबतच्या पोराच्या हवाली केली. दगडावर टेकलो तेव्हा मनात आले, हा माणूस याच डोंगरांत दिवसाला पंधरा-वीस मैल चालत असे, आणि त्याच्या हातात रायफल असे. ती केवढी असेल? कॉलेजात एन.सी.सी.मध्ये असताना आम्हांला जुनी .३०३ रायफल मिळत असे. ती साधारण चार किलोंची. तासाभराच्या कवायतीत ती खांद्यातून हाडापर्यंत उतरायची. कॉर्बेटची जड रायफल तिच्याहूनही जड होती. मग त्याने ती का घेतली? हलकी का नाही? आणि हलकी घेतली तेव्हा ती कशाच्या भरवशावर? घरी परतल्यावर या प्रश्नांसाठी पुस्तके पुन्हा काढली, आणि त्यातून मला आधी न दिसलेला एक कॉर्बेट दिसू लागला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी शिकारी नाही आणि शिकारीचे मला कौतुकही नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषय संपवला आणि ते बरेच झाले. पण रानात कोणती बंदूक न्यावी, हा कॉर्बेटपुढचा प्रश्न हौसेचा नव्हता. नळी किती लांब, गोळी केवढी जाड, या हिशेबावर स्वतःचा जीव, बरोबरच्या माणसांचा जीव आणि समोरच्या जनावराचे हाल, अशा तिन्ही गोष्टी अवलंबून होत्या. तिसरी गोष्ट त्याच्या काळातल्या पुष्कळ साहेबांच्या खिजगणतीत नव्हती.

एडवर्ड जेम्स कॉर्बेटचा जन्म २५ जुलै १८७५चा, नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर. ते वारले तेव्हा हा पोरगा सहा वर्षांचाही नव्हता. मोठे कुटुंब, बेताची मिळकत. उन्हाळ्यात नैनिताल आणि थंडीत खाली तराईच्या तोंडाशी असलेले काळाढुंगी, अशी दोन घरे. साहेबी थाटाची शिकार, म्हणजे हत्ती, हाकारे आणि तंबूंची रांग, ही या घराला परवडणारी नव्हतीच. हा मुलगा आधी गलोल घेऊन रानात शिरला, मग धनुष्य घेऊन. त्यानंतर त्याच्या हातात पहिली बंदूक आली, आणि माझ्या मते त्याचे सगळे शिक्षण या बंदुकीनेच केले.

ती ठासणीची दुनळी होती. एका आप्ताला पक्ष्यांवर पुस्तक लिहायचे होते, त्यासाठी पक्षी गोळा करून दिल्याच्या बदल्यात ती मिळाली. तिची उजवी नळी पूर्वी कधीतरी दारू जास्त झाल्याने फुटलेली होती आणि दस्ता पितळी तारेने करकचून बांधलेला होता. म्हणजे दुनळी नावालाच. चालणारी नळी एकच, आणि तीही ठासणीची. बार काढला की पुन्हा दारू ओता, बोळा ठासा, छर्रे ओता, पुन्हा बोळा ठासा, टोपी बसवा. एवढे होईस्तोवर समोरचे जनावर दुसऱ्या जिल्ह्यात. शिवाय दारू आणि छर्रे विकत आणायला पैसे नसत. अशा बंदुकीवर जो शिकतो तो दुसऱ्या बाराचा विचारच करत नाही. तो आधी जवळ जायला शिकतो. वारा कुठून वाहतो आहे, पायाखाली काय आहे, माकड कोणत्या दिशेला तोंड करून ओरडते आहे, हे सगळे तो त्या एका बारासाठी शिकतो. पुढे कॉर्बेटकडे लंडनच्या कारागिरांच्या रायफली आल्या, पण त्याचा हात मात्र शेवटपर्यंत त्या फुटक्या नळीच्या शिस्तीत राहिला.

मग दहाव्या वर्षी नैनितालच्या स्वयंसेवक पलटणीच्या कृपेने .४५० मार्टिनी मिळाली. ही लष्करी एकनळी. मार्टिनी-हेन्रीच्या लष्करी काडतुसातली शिशाची गोळी ४८० ग्रेनची असे, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची. आपल्याकडच्या हिशेबात सांगायचे तर पावणेतीन तोळे शिसे. दहा वर्षांच्या पोराच्या खांद्याला तिचा धक्का म्हणजे बैलाने शिंग मारल्यासारखाच. त्याने पहिला बिबळ्या मारला तो या रायफलीने.

पुढची काही वर्षे मी भरभर सांगतो. शिक्षण अर्धवट सुटले, बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत नोकरी, मानकपूरला जळाऊ लाकडाच्या तोडीवर देखरेख, आणि मग गंगाकाठच्या मोकामेघाटावर माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवण्याचा ठेका. तिथे त्याने वीसेक वर्षे काढली. हमालांबरोबर स्वतः कोळसा उपसणारा हा ठेकेदार. शिकार करायची ती सुटीत.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीसाठी त्याला बोलावणे आले. वय ३२. तिने नेपाळात २०० आणि कुमाऊँत २३६, अशी ४३६ माणसे खाल्ली होती असे सरकारी हिशेब सांगत. कॉर्बेटच्या आयुष्यातली ही पहिली नरभक्षक. त्या दिवशी त्याच्याजवळ .५०० बोअरची रायफल होती आणि ती मुळात काळ्या दारूच्या जमान्यातल्या घडणीची. काळी दारू म्हणजे बार झाला की समोर धुराचा पडदा. जनावर पडले, पळाले की अंगावर येते आहे, ते धूर निवळल्यावर कळायचे. दाट रानात वारा नसला की तो धूर लवकर हलतही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू आली. जुन्या रायफलींना तिचा पुरा जोर सोसत नसे, म्हणून त्यांच्यासाठी सौम्य मात्रेची कॉर्डाइट काडतुसे निघाली. कॉर्बेटच्या त्या रायफलीत अशीच काडतुसे होती. धुराचा प्रश्न मिटला होता. काडतुसांचा मात्र नाही. त्याने बरोबर घेतली होती फक्त तीन.

हाका झाला. वाघीण दरीतून निघाली, तिन्ही काडतुसे खर्ची पडली, वाघीण जखमी होऊन समोरच्या एका खडकावर चढली आणि तिथे उभी राहिली. कॉर्बेटच्या हातात आता होता तो लोखंडाचा रिकामा सोटा. तो धावत चंपावतच्या तहसीलदाराकडे गेला आणि त्यांची बंदूक घेऊन आला. पाहतो तो त्या बंदुकीच्या नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यात चांगली फट. म्हणजे घोडा दाबल्यावर नळी फुटून स्वतःचे तोंड भाजण्याची भीती. तरीही त्याने वीस-एक फुटांवरून वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरून बार काढला. गोळी जबड्यात गेलीच नाही, लागली ती पंजाला. वाघीण कोसळली ती आधीच्या जखमांनी.

मला या प्रसंगात त्या तहसीलदाराच्या बंदुकीचे फार वाटते. कॉर्बेटच्या रायफलींवर पुष्कळांनी लिहिले आहे, त्या फटीच्या बंदुकीवर कोणी लिहीत नाही. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगण्याची सोय ठेवली नव्हती. जिथे तहसीलदारासारख्या अधिकाऱ्याजवळ अशी बंदूक, तिथे गावातल्या शेतकऱ्याजवळ काय असणार? कोयता, कुऱ्हाड आणि डबे बडवायला दोन हात. कॅलिबर निवडण्याचा प्रश्न पडणे हाच मुळी एक अधिकार होता आणि तो कॉर्बेटला त्याच्या कातडीच्या रंगाने मिळालेला होता. हे त्याला कळत नव्हते असे मला वाटत नाही. त्याच्या लिखाणात कुमाऊँच्या निःशस्त्र माणसांच्या धैर्याबद्दल जो आदर आहे, तो उगाच आलेला नाही.

वाघिणीचे तोंड तपासले तेव्हा उजव्या बाजूचे दोन्ही सुळे तुटलेले निघाले, वरचा अर्धा आणि खालचा तर पार हाडापर्यंत. पूर्वी कोणाची तरी गोळी लागली होती. त्या गोळीने वाघीण मेली नाही, पण तिला नेहमीचे भक्ष्य मारणे जमेना, आणि ती माणसांकडे वळली. कोणी, कोणत्या बंदुकीने, किती अंतरावरून ती गोळी झाडली हे कधीच समजणार नाही. तो घरी जाऊन जेवला असेल, वाघाला मी लावली म्हणून चार जणांना सांगितलेही असेल. रानात कोणती रायफल न्यावी या प्रश्नाचे खरे वजन इथे आहे. चुकीच्या हत्याराने, चुकीच्या अंतरावरून मारलेला एक बार आणि पुढे ४३६ माणसे. कॉर्बेटने पुढे मारलेल्या नरभक्षकांतही जुन्या गोळ्यांच्या जखमा पुन्हापुन्हा सापडतात. शेवटची ठाकची वाघीणही त्यांतलीच. जनावर जखमी करून सोडून द्यायचे नाही, मग त्यासाठी रक्ताच्या मागावर झुडपात शिरावे लागले तरी, हा त्याचा नियम होता तो यासाठी.

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला एक रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची .२७५, दस्त्यावर चांदीची लहानशी पट्टी. ही त्याची हलकी रायफल.

आता थोडे या आकड्यांविषयी. .२७५ म्हणजे नळीच्या आतला व्यास पाव इंचाहून किंचित जास्त, म्हणजे सात मिलिमीटर. मुळात हे जर्मन माउझरचे १८९०च्या दशकातले काडतूस. रिग्बीने ते इंग्रजी मापात आणून आपल्या नावाने विकले, कारण साहेबाला मिलिमीटर रुचत नसत! हिची हलकी गोळी १४० ग्रेनची, नऊ ग्रॅमची, पण वेग सेकंदाला अडीच हजार फुटांच्या वर. त्यामुळे गोळी सपाट जाते. दरीच्या या काठावरून त्या काठावर दोनशे यार्डांवर बार काढायचा तर फार उंच नेम धरावा लागत नाही. धक्का सौम्य. रायफल सात-साडेसात पौंडांची, दिवसभर वागवता येईल अशी. मॅगझिनमध्ये पाच काडतुसे. दोष एवढाच, की एका बारानंतर बोल्ट मागे ओढून पुढे ढकलावा लागतो. त्याला वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे आवाज होतो. दोनशे यार्डांवर त्याचे काही नाही. पंधरा पावलांवर वाघ असेल तर ती खटखट म्हणजे आपला पत्ता सांगणे.

म्हणून दुसरी, जड रायफल. डब्ल्यू. जे. जेफरी यांची ४५०/४०० दुनळी. नाव जरा गोंधळात पाडणारे आहे. .४५०च्या काडतुसाचे टरफल घ्यायचे, त्याचा गळा आवळून त्यात .४०० ची गोळी बसवायची, म्हणून दोन्ही आकडे. गोळी ४०० ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅम, वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास. रिग्बीच्या हलक्या गोळीच्या जवळजवळ तिप्पट वजन. आघाताचा हिशेब मांडला तर पाऊणेदोनपट जोर. या काडतुसाचा आणखी एक गुण म्हणजे आतला दाब बेताचा. कॉर्डाइट उन्हात तापली की दाब वाढतो, आणि दाब फार वाढला की रिकामे टरफल नळीत चिकटून बसते, निघता निघत नाही. लंडनच्या थंडीत हे लक्षात येत नाही. तराईच्या मे महिन्यात येते.

इथे इतिहासाची एक गंमत आहे. १९०७च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात .४५० ची काडतुसे आणायला बंदी केली. कारण लष्कराच्या जुन्या मार्टिनी रायफली तेवढ्याच मापाच्या होत्या, आणि शिकारीच्या नावाखाली आलेल्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडतील ही भीती. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी नवी नवी मापे काढली. आज जगभर नावाजली जाणारी ही मापे जन्मली ती हिंदी माणसाच्या हाती गोळी पडू नये म्हणून! ४५०/४००च्या नावात ४५० असले तरी गोळी लहान, त्यामुळे ती या बंदीतून सुटली.

दुनळी रायफलीचे मर्म मात्र कॅलिबरपेक्षाही नळ्यांच्या जोडणीत आहे. दोन नळ्या शेजारी शेजारी, दिसायला अगदी समांतर. पण समांतर ठेवल्या तर दोन्हींच्या गोळ्या दोन ठिकाणी जातील, कारण उजव्या नळीचा धक्का रायफल उजवीकडे फेकतो आणि डावीचा डावीकडे. म्हणून त्या तोंडाशी किंचित एकमेकींकडे झुकवून जोडतात. कारागीर बार काढून पाहतो, नळ्यांमधली पाचर जराशी सरकवतो, पुन्हा डाग देतो, पुन्हा बार काढतो. दोन्ही गोळ्या ठरावीक अंतरावर एका तळहाताएवढ्या जागेत पडेपर्यंत हे चालते. ती जुळणी एकाच प्रकारच्या काडतुसाशी असते. दुसरी दारू, दुसऱ्या वजनाची गोळी घातली की दोन नळ्यांचा संसार मोडला. एवढ्या कष्टांनी मिळते काय? दोन चाप, दोन स्वतंत्र कळा, म्हणजे एका दस्त्यावर बसवलेल्या दोन रायफलीच. एक दगा देईल तर दुसरी आहे. दुसरा बार काढायला बोट एका चापावरून दुसऱ्यावर न्यायचे, बस्स. खट नाही, खुट नाही. आणि मागे बोल्टची लांबी नसल्याने पुऱ्या लांबीची नळी असूनही सगळी रायफल आटोपशीर राहते, झुडपात अडकत नाही. याची किंमत म्हणजे दहा पौंडांहून जास्त वजन, आणि तिसऱ्या बाराला रायफल मोडून काडतुसे भरणे.

जाड, संथ गोळी पाने-काटक्या फोडून सरळ जाते आणि बारीक, वेगवान गोळी भरकटते, असे शिकाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. अलीकडे लोकांनी काठ्या उभ्या करून त्यामागे निशाण लावून हे तपासले, तेव्हा काटकी लागल्यावर कोणत्याही मापाच्या गोळीची शाश्वती नाही असे दिसून आले. कॉर्बेटच्या गोष्टी वाचताना वाटते, त्याला हे ठाऊक असावे. पुढची डहाळी जाड गोळीने फोडण्यापेक्षा ती डहाळी मध्ये येणार नाही अशा जागी जाऊन बसणे त्याला अधिक पसंत होते.

आणि कधी या दोन्ही रायफली बाजूला ठेवून त्याने साधी छऱ्यांची बंदूक उचलली. १९१०चा पनारचा बिबळ्या, चारशे माणसांच्या नावाने कुविख्यात. गर्द अंधारी रात्र, माशी दिसत नाही, जनावर काही हातांवर. तिथे रायफलीची अचूकता काय कामाची? रायफल एका बिंदूवर मारते, आणि तो बिंदूच दिसत नव्हता. छर्रे फाकतात. त्याने बिबळ्या जखमी केला, मग गावकऱ्यांच्या हातांतल्या पेटत्या चुडींच्या उजेडात मागावर गेला, आणि अंगावर आलेल्या बिबळ्याला त्याच बंदुकीने संपवले.

रुद्रप्रयागला हेच कोडे त्याने निराळ्या रीतीने सोडवले. १९१८ ते १९२६, आठ वर्षांत १२५ बळी, केदार-बद्रीच्या यात्रेची वाट रात्री ओस पडलेली. २ मे १९२६च्या रात्री गुलाबरायच्या आंब्यावर तो बसला होता, खाली गळ्यात घंटा बांधलेली शेळी, हातात रिग्बी आणि तिला बसवलेला विजेचा टॉर्च. घंटा वाजली, त्याने टॉर्चचे बटण दाबले, उजेड बिबळ्याच्या खांद्यावर पडला आणि त्याने एकच बार काढला. पाठोपाठ टॉर्चची बॅटरी संपली. मग पहाटेपर्यंत झाडावर बसून राहणे, खाली काय झाले आहे याचा पत्ता नाही. त्या नऊ ग्रॅमच्या गोळीने काम केले होते.

जड रायफलीचा आणखी एक जमाखर्च त्याच्या डोक्यातच होता, अगदी शब्दशः. एका शिकारीत बरोबरच्या माणसाच्या हातची जड रायफल त्याच्या तोंडापासून काही इंचांवर उडाली. कानाचा पडदा गेला. १९२९ साली तल्ला देसच्या नरभक्षकामागे असताना त्या जुन्या दुखण्याने उचल खाल्ली, डोक्यात गळू झाले, एक डोळा मिटल्यासारखा. तशा स्थितीत तो रात्री झाडावर बसला आणि ते गळू तिथेच फुटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागावर निघाला. रायफल पुढच्या तोंडाने मारते, आणि आवाजाने बाजूच्यालाही मारते. ऐकण्यावर जगणाऱ्या माणसाचा एक कान त्यात गेला.

११ एप्रिल १९३०ची चौगढची गोष्ट बहुतेकांच्या वाचनात असेल. डाव्या हातात त्याला वाटेत सापडलेली रातव्याची दोन अंडी, उजव्या हातात छातीवर आडवी धरलेली रायफल. एका मोठ्या खडकाला वळसा घालून मागे पाहतो तो आठेक फुटांवर वाघीण बसलेली. त्याने एका हाताने ती रायफल इंच इंच करीत फिरवली. हात लांब होत गेला, वजन मनगटावर येत गेले, आणि वाघीण पाहत राहिली. अंड्यांमुळे दुसरा हात उचलता आला नाही आणि म्हणून हालचाल तिला जाणवली नाही, असे त्याचे स्वतःचे मत होते. एन.सी.सी.च्या रायफलीच्या आठवणीने मी हा प्रयोग घरी छत्रीने करून पाहिला. छत्रीसुद्धा थरथरते.

नोव्हेंबर १९३८मध्ये ठाकची वाघीण. वय ६३, आणि ही शेवटची असे त्याने ठरवलेले. पुस्तकात हा भाग वाचताना मला दर वेळी वाटते, की जड दुनळीचा सारा अर्थ इथे उलगडतो. सूर्य बुडालेला. नर वाघाचा आवाज काढून त्याने वाघिणीला बोलावले होते, आणि ती येत होती. तो एका खडकाच्या अरुंद कपारीवर कसाबसा टेकलेला, खाली चार माणसे आणि एक बोकड. वाघीण पुढे आली, त्याने दोन्ही नळ्या एकामागून एक झाडल्या. पहिल्या धक्क्याने त्याची खडकावरची पकड सुटली आणि दुसऱ्या धक्क्याने तो मागच्या मागे खाली त्या माणसांच्या अंगावर जाऊन पडला. बोल्टची रायफल असती, तर या दोन बारांमध्ये पकड सुटायला आणि वाघीण उडी घ्यायला पुरेसा वेळ गेला असता. बुटाच्या लेसएवढ्या फरकाने माणूस वाचतो, तो असा.

त्याच सुमारास, खरे तर त्याच्याही कितीतरी आधी, तो रायफल सोडून कॅमेऱ्याकडे वळला होता. इथेही प्रश्न तोच निघाला, आवाजाचा. सिनेकॅमेऱ्याची घरघर ऐकून वाघ बुजत. मग त्याने वाहत्या ओढ्याला छोटा बांध घालून पाणी खळाळते केले, म्हणजे त्या आवाजात घरघर बुडून जावी. तिथे दिवसाढवळ्या त्याने वाघांचे चित्रण केले. बोल्टची खटखट टाळणारा माणूसच हे सुचवू शकतो.

१९३६मध्ये हिंदुस्थानातले पहिले राष्ट्रीय उद्यान रामगंगेकाठी झाले, त्यात त्याचा हात होता. आज ते त्याच्या नावाने ओळखले जाते, आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्पाची सुरुवातही तिथूनच झाली. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' १९४४चे. त्याच काळात तो ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी सैनिकांना जंगलात कसे जगावे हे शिकवत होता. नोव्हेंबर १९४७मध्ये बहीण मॅगीला घेऊन तो केनियाला गेला. का गेला, यावर पुष्कळ तर्क झाले आहेत, मी त्यात भर घालत नाही. १९ एप्रिल १९५५ला न्येरी इथे तो वारला.

आपल्याकडे २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात टी-१ वाघीण गोळीने मारली गेली, तेव्हा बेशुद्धीचे इंजेक्शन आधी की गोळी आधी, अंतर किती, अंधारात कसे, यावर महिनोन्‌महिने वाद चालला. ते सगळे वाचताना मला १९०७चा चंपावतचा खडक आठवत होता. हत्यारे बदलली, अंतराचा आणि उजेडाचा हिशेब तोच आहे.

त्या दोन रायफली अजून आहेत. रिग्बी कितीतरी वर्षे त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे होती, आणि आता ती फिरून रिग्बी कंपनीकडेच गेली आहे. २०१६ साली ती कुमाऊँत आणून गावकऱ्यांना दाखवलीही. जेफरीची दुनळी अमेरिकेत एल्मर कीथ या बंदुकांवर लिहिणाऱ्या लेखकाकडे पोचली आणि २०१५मध्ये मोठ्या किमतीला लिलावात गेली.

तिसरी एक आहे, तिचे नाव घेऊन कोणी लिलाव करणार नाही. काळाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी हे गाव कॉर्बेटने वसवले, कुळांना घरे दिली, डुकरांपासून पिके राखायला गावाभोवती दगडी भिंत घातली. आणि गावच्या मुखियाला एक एकनळी बंदूक दिली, पिके आणि माणसे राखायला. ती त्या घरात जपून ठेवलेली आहे. गावात गेलेल्या पाहुण्याला ती कोपऱ्यातून काढून दाखवतात, हातातही देतात. मी घेतली होती. हलकी आहे.